गिट रिपॉझिटरीचा बॅकअप: कॉपी आणि स्नॅपशॉट यांत फरक काय?

संशोधनाला सुरुवात केली की गाइड पहिल्याच महिन्यात दोन सूचना हमखास देतात: कोड गिटमध्ये ठेवा, आणि सगळ्याचा बॅकअप घेत जा. दोन्ही सूचना योग्यच. पण त्या एकत्र आल्या की एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत. गिटची रिपॉझिटरी म्हणजे शेवटी डिस्कवरचं एक फोल्डर. मग रात्री ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं की झालं, नाही का?

बहुतेक वेळा झालं. कधीकधी मात्र ती प्रत आतून तुटलेली निघते, आणि हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. समजा, पेपर पाठवून आठ महिने झालेत आणि रिव्ह्यूअर विचारतो, तक्ता क्रमांक ३ मधले आकडे नेमके कोणत्या कोडने काढले? मधल्या काळात लॅपटॉपची डिस्क गेली आहे. तुम्ही बॅकअप उघडता. फोल्डर आहे, फायली आहेत, पण त्या कमिटवर जायला गेलात की गिट सांगतं, ऑब्जेक्ट सापडत नाही. कॉपी करताना एकही एरर आलेली नव्हती. मग हे झालं कसं? आणि फाइलसिस्टीम स्नॅपशॉट वापरला तर ते टळतं का? आजचा लेख याबद्दल आहे.

रिपॉझिटरीच्या पोटात काय असतं?

तुमच्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'डॉट गिट' नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं. खरी रिपॉझिटरी ती. तिच्यात बरंच काही असतं, पण आपल्याला आज दोनच गोष्टी लागणार आहेत: 'ऑब्जेक्ट्स' आणि 'रेफ्स'.

ऑब्जेक्ट्समध्ये सगळा मजकूर असतो. फाइलचा मजकूर म्हणजे ब्लॉब, फोल्डरची यादी म्हणजे ट्री, आणि 'कोणी, कधी, कोणत्या ट्रीवर, आधीचं कमिट कोणतं' याची नोंद म्हणजे कमिट. प्रत्येक ऑब्जेक्टचं नाव त्याच्याच मजकुरावरून काढलेला हॅश असतो, नेहमीच्या रिपॉझिटरीत ४० अक्षरांचा. मजकूर बदलला की नावच बदलतं. म्हणून एकदा लिहिलेलं ऑब्जेक्ट गिट पुन्हा कधी खोडून लिहीत नाही.

रेफ्स त्यामानाने अगदी साधे. ब्रँच म्हणजे एक छोटीशी फाइल, आणि तिच्यात एकच ओळ: ही ब्रँच सध्या कोणत्या कमिटवर आहे त्याचा हॅश.

आता तुम्ही कमिट करता तेव्हाचा क्रम बघा. आधी ब्लॉब लिहिले जातात, मग ट्री, मग कमिट, आणि सगळ्यात शेवटी ब्रँचची ती एक ओळ बदलते. प्रत्येक ऑब्जेक्ट आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहिलं जातं आणि मग त्याला खरं नाव मिळतं. रेफही आधी 'लॉक' फाइलमध्ये लिहिला जातो आणि मग नाव बदलून जागेवर येतो. म्हणजे मध्येच कुठल्याही क्षणी जग थांबवलं, तरी ब्रँच एकतर जुन्या कमिटवर असेल नाहीतर नव्या, आणि दोन्हीकडे लागणारं सगळं साहित्य हजर असेल. फार तर दोनचार ऑब्जेक्ट्स अशी सापडतील की ज्यांच्याकडे अजून कोणीच बोट दाखवत नाही. त्यांनी काही बिघडत नाही.

म्हणून गिटची रिपॉझिटरी कुठल्याही एका क्षणी धड असते. यातल्या 'एका क्षणी' या शब्दांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कॉपी एका क्षणाची नसते

जनगणनेचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस घरोघरी फिरत होते. पण मोजायची होती ती लोकसंख्या एका ठरलेल्या क्षणाची: १ मार्च २०११, रात्रीचे ००:०० वाजता. फिरण्याच्या काळात कोणी जन्मलं, कोणी वारलं, कोणी बिऱ्हाड बदललं, तर हिशोब चुकणार. म्हणून १ ते ५ मार्च या काळात पुन्हा एक फेरी करून मधले बदल दुरुस्त केले गेले.

कॉपी करणारा प्रोग्रॅमही असाच घरोघरी फिरतो, पण त्याच्याकडे ठरलेला क्षणही नसतो आणि दुरुस्तीची फेरीही नसते. आता आरसिंकचं बघा. तो फोल्डरं इंग्रजी नावांच्या क्रमाने घेतो. त्या क्रमात 'ऑब्जेक्ट्स' आधी येतं आणि 'रेफ्स' नंतर. समजा, ११ वाजता कॉपी सुरू झाली. ११:०२ ला ऑब्जेक्ट्स कॉपी होऊन संपली. ११:०३ ला तुम्ही कमिट केलंत. ११:०४ ला रेफ्स कॉपी झाले. प्रतीतली ब्रँच आता अशा कमिटकडे बोट दाखवते आहे की जे प्रतीत आलंच नाही. प्रत्येक फाइल सुटी तपासली तर बरोबर आहे, चेकसमही जुळतात. चुकलं आहे ते फायलींचं एकमेकींशी असलेलं नातं, आणि ते आरसिंकला दिसतच नाही.

इथे चांगला विद्यार्थी लगेच विचारेल: मग क्रम उलटा करूया. आधी रेफ्स, नंतर ऑब्जेक्ट्स. विचार बरोबर दिशेने आहे. ब्रँच जुन्या कमिटवर राहील आणि त्याची ऑब्जेक्ट्स तर आधीपासून आहेतच. पण गिटमध्ये अधूनमधून साफसफाईही होते. सुटी ऑब्जेक्ट्स फार झाली (नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे ६७०० ही मर्यादा) की 'जीसी' सुरू होतं. ते सुटी ऑब्जेक्ट्स एका मोठ्या पॅक फाइलमध्ये बांधतं आणि मग सुट्या फायली काढून टाकतं. कॉपी करणाऱ्याने पॅकचं फोल्डर आधी वाचलं, मग नवा पॅक तयार झाला आणि सुट्या फायली उडाल्या, तर तीच ऑब्जेक्ट्स प्रतीत ना इकडे ना तिकडे. जनगणनेच्या भाषेत, कुटुंबाने बिऱ्हाड हलवलं आणि दोन्ही घरी प्रगणक चुकीच्या दिवशी पोचला.

'कॉपी चालू असताना मी काही करणारच नाही' हाही उपाय आहे, पण पाळायला वाटतो त्यापेक्षा कठीण. जीसी बहुतेक वेळा पार्श्वभूमीत चालतं, टर्मिनल शांत दिसत असताना. काही एडिटर ठरावीक वेळाने स्वतःच फेच करतात. लॅबच्या सर्व्हरवरच्या सामायिक रिपॉझिटरीत तर दुसरं कोणीतरी रात्री दोनला पुश करत असतं. गिटच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही हाच इशारा आहे: आरसिंक वापरायचाच तर त्या वेळी रिपॉझिटरीत काहीही चालू नको, आणि क्लाउड सिंक सेवांवर डॉट गिट ठेवूच नका. त्या सेवा एकेक फाइल सुटी, जमेल तेव्हा, जमेल त्या क्रमाने हलवतात. वर पाहिलेला क्रम तिथे कसा टिकणार?

स्नॅपशॉट नेमकं काय करतो?

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टीम जुन्या जागेवर खोडून लिहीत नाहीत. बदललेला ब्लॉक नव्या जागी लिहितात आणि मग नकाशा बदलतात. स्नॅपशॉट घेणं म्हणजे आत्ताचा नकाशा जपून ठेवणं. डेटा हलवायचाच नसल्यामुळे रिपॉझिटरी १ जीबीची असो की ५०० जीबीची, काम क्षणात होतं. पुढे फायली बदलल्या तरी जुन्या नकाशातले ब्लॉक जागेवर राहतात. लिनक्सवर ईएक्सटी४ असेल आणि ती एलव्हीएमवर बसवलेली असेल, तर एलव्हीएम खालच्या थरात हेच काम करतं. स्नॅपशॉट घेण्याआधी तो वरच्या फाइलसिस्टीमला क्षणभर गोठवतो आणि हातातलं लिखाण पूर्ण करून घेतो.

'क्षण' ही कल्पना संगणकशास्त्रात किती अवघड आहे हे पाहायचं असेल, तर के. मणि चांडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९८५ चा वितरित स्नॅपशॉटवरचा पेपर जरूर वाचा. त्यात एक सुंदर उपमा आहे: स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी भरलेलं आकाश एका फोटोत मावत नाही, म्हणून अनेक फोटो काढून जोडायचे, पण पक्षी तर उडतच आहेत. तरीही जोडलेलं चित्र अर्थपूर्ण असावं म्हणून काय करायचं? अनेक संगणकांवर हा प्रश्न खरोखर कठीण आहे. आपलं सुदैव इतकंच, की एका फाइलसिस्टीममध्ये सगळं लिखाण एकाच दारातून जातं. दारावरचा माणूस 'थांबा' म्हणू शकतो. आरसिंक त्या दाराबाहेर उभा असतो, म्हणून त्याला ते जमत नाही.

पण क्रम डिस्कपर्यंत पोचतो का?

इथे संशोधनातला एक महत्त्वाचा मुद्दा येतो. प्रोग्रॅमने 'आधी अ लिही, मग ब लिही' असं सांगितलं म्हणून डिस्कवरही आधी अ जाईल, याची खात्री नसते. फाइलसिस्टीम वेगासाठी क्रम बदलू शकते. २०१४ च्या ओएसडीआय परिषदेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या गटाने याच विषयावर पेपर मांडला. त्यांनी ११ प्रणाली तपासल्या, त्यांत गिट आणि मर्क्युरियल दोन्ही होत्या. अचानक वीज गेली तर डिस्कवर काय काय उरू शकतं, याच्या शक्यता त्यांच्या साधनाने तयार करून पाहिल्या, आणि एकूण ६० कच्चे दुवे सापडले. एकाच प्रोग्रॅमचं वर्तन वेगवेगळ्या फाइलसिस्टीमवर वेगळं निघतं, हा त्यातला मोठा धडा.

याचा आपल्याशी संबंध असा. स्नॅपशॉट फाइलसिस्टीमने स्वतः घेतला किंवा तिला विचारून घेतला, तर तोवर पूर्ण झालेलं लिखाण त्यात येतं. पण स्नॅपशॉट तिच्या नकळत खालून घेतला, उदाहरणार्थ चालू व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा, तर तो त्या क्षणी वीज गेल्यासारखा असतो. मेमरीत अडकलेलं लिखाण त्यात नसेल, आणि क्रमाची हमीही नसेल. गिटमध्ये २०२२ च्या २.३६ आवृत्तीपासून 'कोअर डॉट एफसिंक' नावाचं सेटिंग आहे. काय काय डिस्कवर पक्कं करूनच पुढे जायचं ते त्यात ठरवता येतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये सुटी ऑब्जेक्ट्स वेगासाठी वगळलेली असतात. लॅबचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर ते 'ऑल' करा. कमिट किंचित हळू होईल, थीसिसच्या कोडला ते परवडतं.

स्नॅपशॉटच्या कुंपणाबाहेर काय राहतं?

स्नॅपशॉट एका कुंपणाच्या आतलं सगळं पकडतो, म्हणून कुंपण कुठे आहे ते माहीत हवं. तीन ठिकाणी विद्यार्थी फसतात.

पहिलं, बीटीआरएफएसमध्ये सबव्हॉल्यूमच्या आत दुसरा सबव्हॉल्यूम असेल तर बाहेरच्याच्या स्नॅपशॉटमध्ये आतला येत नाही. त्याच्या जागी रिकामं फोल्डर दिसतं. झेडएफएसमध्ये मात्र रिकर्सिव्ह पर्याय दिला की आतले सगळे डेटासेट एकाच क्षणी पकडले जातात.

दुसरं, क्लोन करताना 'शेअर्ड' किंवा 'रेफरन्स' पर्याय वापरला असेल तर ऑब्जेक्ट्स तुमच्या रिपॉझिटरीत नसतातच, दुसरीकडे असतात. ऑब्जेक्ट्स फोल्डरच्या 'इन्फो'मध्ये 'ऑल्टरनेट्स' नावाची फाइल आहे का, बघा. असेल तर ती ज्या जागेकडे बोट दाखवते तिचाही बॅकअप हवा.

तिसरं, प्रयोगाचा डेटा. कोड एका डिस्कवर, निकालांचा डेटाबेस दुसऱ्या, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट दहा मिनिटांच्या अंतराने. सुटे सुटे दोन्ही धड आहेत, पण 'हा निकाल या कमिटचा' हे नातं तुटू शकतं. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक निकालाच्या फाइलमध्येच कमिटचा हॅश लिहून ठेवणं.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली, लॅपटॉप चोरीला गेला, की तोही गेला. धड प्रत कशी मिळवायची हा प्रश्न तो सोडवतो. ती प्रत कुठे न्यायची हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

क्लोनबद्दलही एक गैरसमज असतो. त्याच डिस्कवर नुसता पत्ता देऊन क्लोन केलंत, तर गिट शक्य असेल तेव्हा ऑब्जेक्ट्स कॉपी न करता हार्डलिंक करतं. दिसायला दोन रिपॉझिटरी, पण डिस्कवर ब्लॉक तेच. तिथे एक सेक्टर खराब झाला तर दोन्हींत खराब.

आणि मिरर? केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अनुभव बोलका आहे. मार्च २०१३ मध्ये त्यांच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइलसिस्टीम बिघडली. सुमारे १५०० रिपॉझिटरी होत्या आणि जगभर मिरर होते. पण मिरर मुख्य सर्व्हरची इमानदारीने नक्कल करत होते. रिपॉझिटरींची यादीच बिघडल्यावर त्यांनी त्या यादीप्रमाणे आपल्याकडच्या प्रतीही काढून टाकल्या. एका सर्व्हरवर धड प्रत उरली होती म्हणून निभावलं. मिरर आजची स्थिती सांभाळतो, कालची नाही. बॅकअपला काल लागतो.

दुसरं उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून उडवलं गेलं. नियमित बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे मुळात होतच नव्हते, आणि अपयशाचे ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हते. वाचवलं ते सहा तास आधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने. गिट रिपॉझिटरी शाबूत राहिल्या. इश्यू, मर्ज रिक्वेस्ट, टिप्पण्या यांचे सहा तास गेले. यातून स्वतःसाठी आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: गाइडशी इश्यूमध्ये झालेली चर्चा रिपॉझिटरीत नसते. ती महत्त्वाची असेल तर वेगळी उतरवून घ्या.

मग करायचं काय?

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल (फेडोरा वर्कस्टेशनमध्ये आवृत्ती ३३ पासून बीटीआरएफएस हीच मूळ निवड आहे) तर क्रम असा ठेवा.

१. फक्त-वाचनीय स्नॅपशॉट घ्या.
२. कॉपी चालू फोल्डरची नको, स्नॅपशॉटची करा. आरसिंक, रेस्टिक, बोर्ग, काहीही चालेल. गोठलेल्या गोष्टीची कॉपी कितीही वेळ चालली तरी चालते. फाइलसिस्टीमची स्वतःची 'सेंड' सोय वापरलीत तर पुढच्या वेळी फक्त बदल जातात.
३. प्रत वेगळ्या डिस्कवर न्या, आणि एक प्रत वेगळ्या इमारतीत ठेवा.
४. जुने स्नॅपशॉट ठरवून काढत जा. उडवलेल्या मोठ्या फायलींची जागा स्नॅपशॉट असेपर्यंत मोकळी होत नाही. जुन्या पद्धतीच्या एलव्हीएम स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली तर तो निकामीच होतो, म्हणून कॉपी झाली की लगेच काढा.

उबंटूवर साधी ईएक्सटी४ असेल आणि एलव्हीएम नसेल, तर स्नॅपशॉट विसरा आणि गिटलाच काम सांगा. 'गिट बंडल क्रिएट' ही आज्ञा 'ऑल' पर्यायासह दिली की सगळ्या ब्रँच आणि त्यांचा इतिहास एका फाइलमध्ये येतो. गिट आधी रेफ्स वाचून त्यांना लागणारी ऑब्जेक्ट्स स्वतः शोधतं, म्हणून वरचा क्रमाचा घोळ होत नाही. मात्र यात रेफलॉग, हुक, कॉन्फिग, आणि कमिट न केलेल्या किंवा 'इग्नोर' यादीतल्या फायली येत नाहीत. स्नॅपशॉटमध्ये त्या सगळ्या येतात. पुश करण्यालाही हीच मर्यादा आहे.

शेवटचं काम: परत उभं करून बघा

महिन्यातून एकदा बॅकअपमधली रिपॉझिटरी वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि तिच्यात गिटची 'एफएससीके' तपासणी चालवा. ती प्रत्येक ऑब्जेक्टचा हॅश पुन्हा काढते आणि सगळे दुवे जुळतात का ते बघते. 'डँगलिंग' असं दिसलं तर घाबरू नका; ती कोणी बोट न दाखवलेली ऑब्जेक्ट्स. 'मिसिंग' किंवा 'ब्रोकन लिंक' दिसलं तर ती प्रत तुटलेली आहे, आणि हे आज कळलेलं बरं, कारण मूळ रिपॉझिटरी अजून तुमच्याकडे आहे. स्नॅपशॉट कमिटच्या मध्येच घेतला गेला असेल तर 'इंडेक्स डॉट लॉक' ही फाइल उरलेली असू शकते. काढलेल्या प्रतीतून ती काढून टाका, बाकी काही करावं लागत नाही.

तपासणी झाली की आणखी दहा मिनिटं द्या. शेवटच्या पेपरमधला एखादा तक्ता निवडा, त्याच्या कमिटवर जा आणि बॅकअपमधल्याच कोडने तो तक्ता पुन्हा काढा. आकडे जुळले, तर आठ महिन्यांनी येणाऱ्या त्या रिव्ह्यूअरला द्यायचं उत्तर तुमच्याकडे आज तयार आहे. नाही जुळले, तर काय राहून गेलं ते शोधायला अजून वेळ आहे.